शेंद्र्याचा डमरू

९ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा. म्हणून राजनंदिनीनं ही वही आणून दिली. सव्वीस वर्षांच्या संसारानंतर बायको नवऱ्याला गप्प बसून लिहायला सांगते, यातून मी काय समजायचं ते समजलो.

पण आज लिहिण्यासारखं घडलंही. पाच ते आठ मार्च शेंद्र्याला आमच्या लघुउद्योजक मंडळाचं प्रदर्शन आहे. अध्यक्ष साहेबराव गेल्या वर्षी जपानला जागतिक प्रदर्शन बघून आले, तेव्हापासून त्यांचे पाय जमिनीवर नाहीत. तिथं म्हणे दोन किलोमीटर घेराचं लाकडी कडं उभारलं होतं, लोक त्याच्यावरून चालायचे. जगात कुठंही असं प्रदर्शन भरलं की काहीतरी भलतंच मोठं उभं करतात, आणि संपलं की उतरवतात. पॅरिसचा मनोराही वीस वर्षांसाठीच होता, उतरवायचा राहून गेला. "आपल्यालाही अशी खूण पाहिजे," साहेबराव म्हणाले, "जालना रोडवरून दिसली पाहिजे." पुण्याच्या एका कंपनीला लोखंडी मनोरा सांगितलाही होता. आज त्यांचा निरोप आला, वेळेत जमणार नाही.

सगळे मान खाली घालून चहा प्यायला लागले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी करतो."

माझं वर्कशॉप पत्र्याचे भाग ठोकायचं. मनोऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. घरी सांगितलं तर राजनंदिनी पोळी लाटता लाटता म्हणाली, "सांडूभाऊंना विचारा की."

मी उत्तर दिलं नाही. म्हणून लिहितोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांडू म्हणजे करमाडचा मांडवाचा मिस्त्री. चौथी ते दहावी एका बाकावर बसलो आम्ही. माझ्या डब्यातलं लोणचं त्याचं, त्याच्या वहीतली गणितं माझी. कमानी, मांडव, जयंतीचे देखावे, त्याच्यासारखं काम पंचक्रोशीत कोणाचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचं, दीपमालाचं लग्न करमाडला झालं, तेव्हा मांडव त्याचाच. ऐन पंगतीत वादळ सुटलं आणि मांडव पडला. नशीब बलवत्तर, सगळाच्या सगळा मांडव मागच्या मोकळ्या वावरात पडला. तीनशे माणसं जेवत होती, एकालाही खरचटलं नाही. देवाची कृपा. आणि हा बाबा दोराचं टोक हातात घेऊन उभा! दोर हातात असून ज्याला मांडव सांभाळता येत नाही, त्याला काय म्हणायचं?

मी म्हणालो ते तीनशे माणसांनी ऐकलं. तुला गाठ मारता येत नाही, तुझ्या हाताखाली माणसं मरायची, असं बरंच काही. त्यानं एक शब्द उलट केला नाही. चूक नसती तर बोलला असता. पुढं दोन-तीन वर्षं तो तिकडं वैजापूरला कामं करत होता म्हणे. दारातली कामं सोडून इतक्या लांब कशाला जायचं, त्याचं त्याला माहीत.

राजनंदिनी आजही म्हणाली, "दोर त्यांच्या हातात होता, मग सुटला कसा?" मी म्हणालो, तेच तर मी विचारत होतो तेव्हा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेलो शेवटी. करमाडच्या शाळेमागं एका लग्नाचा मांडव घालत होता. केस पांढरे झालेत, बाकी तसाच, काटकुळा. मला बघून खुर्ची पुसली आणि म्हणाला, "बसा साहेब."

बरं वाटलं. पूर्वी सुद्या म्हणायचा. माणूस वयानं सुधारतो, मान द्यायला शिकतो.

काम सांगितलं. साठ फूट उंच, वीस दिवस. त्यानं कोपऱ्यातला खराटा उचलला, त्यातल्या मूठभर काड्या काढल्या, मधोमध सुतळी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी पीळ दिला. काड्या वर-खाली फाकल्या, मध्ये बारीक कंबर राहिली. जमिनीवर ठेवलं तर उभं राहिलं. मी वर बोट ठेवून दाबलं, हललं नाही.

"समदे बांबू सरळच," तो म्हणाला, "पिळाचं काम हाय."

त्याच्या तीन अटी. खिळा ठोकायचा नाही. कापड कापायचं नाही, चुण्या घालून बसवायचं. आणि कंबरेच्या दोराचं टोक मधल्या खुंटाला असेल, त्याला त्याच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

"व्हय की नाय ते सांगा, साहेब."

मी हो म्हणालो. मनात म्हटलं, दोराचाच तर प्रश्न आहे बाबा.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र

मंडळाला खराट्याच्या काड्यांचा नमुना दाखवला. खजिनदार म्हणाले, "हा तर डमरू झाला. लोकांना वाटेल माकडवाला आलाय." सगळे खो खो हसले. साहेबराव मात्र उपवासाचे होते. त्यांनी नमुना कपाळाला लावला आणि म्हणाले, "आजच्या दिवशी डमरू आला, आता नाही म्हणायचं नाही." ठराव मंजूर. साबुदाण्याची खिचडी फार तिखट होती.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

बांबू आले. सांडू प्रत्येक बांबू आडवा धरून त्याच्या टोकाशी डोळा लावतो, मग अंगठ्यानं टिचकी मारून कान देतो. दहातले तीन बाजूला काढले. मी विचारलं, काय ऐकतोस? "कुठं चिरलाय ते." मीही टिचक्या मारून पाहिल्या. मला सगळे सारखेच वाटले.

दुपारी त्याच्याबरोबर जेवू म्हटलं. डबा काढला, लोणचं पुढं केलं. तो म्हणाला, "तुम्ही घ्या साहेब, माझं झालंय." त्याचा डबा तर पिशवीत तसाच होता. भूक नसेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

विशेष नाही. रक्तदाब दीडशे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तपासणीला इंजिनिअर मॅडम आल्या. तिशीच्या असतील. वाळूची पोती टांगून, मोजमापं घेऊन दोन तास कीस पाडला. मी घाबरून पाणी पीत होतो. सांडू त्यांना आत खुंटापाशी घेऊन गेला, तेवढ्यात मला ऑर्डरचा फोन आला. फोन संपवून येतो तर मॅडम हसत बाहेर येत होत्या. "काका, कॉलेजात हे कोणी शिकवलं नाही आम्हाला," असं त्याला म्हणत होत्या. कागदावर भराभर लिहून सही करून गेल्या. दोन पानं आहेत. पहिल्या पानावर सही दिसली, दुसरं वाचायची गरज वाटली नाही. फायलीत लावलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

आज डमरू उभा राहिला. वीस माणसं वर्तुळात उभी, प्रत्येकाच्या हातात एक दोर, आणि सांडू मधोमध, हात वर करून. तो "हां" म्हणाला की सगळी एक पाऊल उजवीकडं. पुन्हा "हां". पावलापावलानं पीळ बसत गेला आणि साठ फुटांचं ते धूड आपसूक उभं राहत गेलं, वर फाकलेलं, कंबरेत बारीक. वरून पांढरं नि केशरी कापड, एक कात्री न लावता, चुण्याच चुण्या. जालना रोडवर ट्रकवाले गाडी हळू करून बघत होते.

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू? शाळेत हा मुलगा खडूच्या तुकड्यांची कमान करायचा आणि मी ती फुंकून पाडायचो, हे आठवलं. त्याला म्हणावं वाटलं की सांडू, तुझ्यासारखा तूच. म्हणालो, "वायरिंगचं बघ."

५ मार्च, गुरुवार

उद्‌घाटन. प्रचंड गर्दी. तीनशे स्टॉलांत एवढी यंत्रं मांडलीत, पण जो तो आधी डमरूच्या आत जाऊन मान वर करून उभा राहतो. तिथून आकाशाचा एक गोल तुकडा दिसतो. साहेबराव येईल त्याला जपानची आठवण सांगतायत. एका पाहुण्यानं विचारलं, हे कोणाचं काम? मी पुढं होतो, म्हणून म्हणालो, आमच्या देखरेखीखाली झालं. सांडू मागं उभा होता. ऐकलं असेल. मला ते लागून राहिलंय.

७ मार्च, शनिवार, दुपारी दोन

ऑफिसच्या तंबूत बसून लिहितोय. सकाळपासून मोबाइलवर अवकाळीचा इशारा येतोय, संध्याकाळी वादळी वारा. मी आत जाऊन खुंट बघितला. साठ फुटांचा डोलारा कंबरेच्या ज्या दोरावर उभा आहे, त्याची गाठ काय, तर एक साधा फास! टोक ओढलं की सुटेल असा. पोरं बुटाच्या नाडीला मारतात तशी. अकरा वर्षांत हा माणूस काही शिकलेला नाही.

वाद घातला असता तर तो रुसून बसला असता. म्हणून तो जेवायला गेल्यावर वर्कशॉपमधून पोलादी तार मागवली. गाठीवर आठ फेरे घातले आणि वर दोन क्लॅम्प. नट मी स्वतः आवळले, पाना तिथल्या तिथं परत पाठवला. वर कापडाची झालर सोडून ते झाकून टाकलं, त्याच्या मनाला लागायला नको. आता हत्ती लोंबकळला तरी सुटायचं नाही. कधी कधी मित्रासाठी त्याच्या नकळतच करावं लागतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

अंगावरचे कपडे अजून ओले आहेत, पान भिजलं तर भिजलं.

चारच्या सुमाराला करमाडच्या बाजूनं धुळीची भिंत आली. सांडू त्याआधीच ओरडत होता, "पांगा! पक्क्या हॉलमध्ये चला समदे!" त्यानं आणि शिपायांनी पाच मिनिटांत डमरूभोवतीचं रान मोकळं केलं. मला वाटलं, उगाच घबराट करतोय. आता काय होणार होतं?

मग तो आत गेला आणि लगेच बाहेर आला. वर डमरूकडं बघितलं नाही, थेट माझ्याकडं बघितलं.

"सुद्या, ती तार कुणी बांधली?"

"मी. सुटू नये म्हणून."

"आरं येड्या! सुटावी म्हणूनच बांधली व्हती ती!"

वाऱ्यानं कापड फुगलं होतं आणि सगळे बांबू एकदम कण्हले. तो माझ्या कानाशी तोंड आणून ओरडत होता, पण मला त्याआधीच कळलं होतं. वारा आटोक्याबाहेर गेला की मांडव झुंजवायचा नसतो, खाली बसवायचा असतो. हातात धरलेला एक दोर, एक हिसका, आणि सगळं मोकळ्या बाजूला. दीपमालाच्या लग्नातही दोर त्याच्या हातात होता. सुटला नव्हता. त्यानं सोडला होता.

माझ्याकडं पाना नव्हता. तीनशे स्टॉलांच्या औद्योगिक प्रदर्शनात पत्र्याच्या कारखान्याचा मालक पान्यावाचून उभा! धावत हत्यारांच्या स्टॉलवर गेलो. पाने लाकडी फळीवर शोभेसाठी पक्के केलेले. मांडणारी मुलगी म्हणाली, "सर, आधी नाव-नंबर लिहा." मी फळीच उचलून पळालो.

सांडू म्हणाला, "आण इकडं, तू हो बाहेर." मी म्हणालो, नट मी आवळलेत, मलाच माहीत आहेत. दोघंही आत गेलो. वर साठ फुटांत असा आवाज होता, की जणू ट्रकभर सामान एकदम घसरतंय. मी एक पाना फळीवरून उपटला आणि गुडघ्यावर बसलो. सांडूनं दोर आपल्या कमरेला वेढा देऊन ताणून धरला, तार निघाल्याबरोबर उसळू नये म्हणून.

पहिला नट निघाला. मी म्हणालो, "सांडू, त्या लग्नात पण तूच..."

"नट खोल."

"मग तू बोलला का नाहीस?"

"सुद्या, आधी नट खोल!"

दुसरा निघेना. कचकचीत आवळला होता. मी स्वतःलाच शिव्या देत होतो. शेवटी निघाला, तारेचे फेरे सोडवले, त्यानं दोराचं लांबलचक टोक हातात घेतलं आणि मला ढकलत बाहेर पन्नास पावलं नेलं. मग ओढलं.

डमरू पडला नाही. फिरत फिरत खाली बसला, फुगडी घालून दमलेली बाई घेर पसरून बसते तसा. कापड जमिनीवर एकदा फुगलं आणि निवलं. पलीकडं एका स्टॉलचा पत्रा उडून खणखणत रस्त्यावर गेला. पंधरा मिनिटांपूर्वी आत शंभर माणसं मान वर करून उभी होती.

पावसात भिजत दोघं तिथंच बसलो. मी पुन्हा विचारलं.

"पाव्हणे बसलेले," तो म्हणाला. "दीपमालाचा सासरा व्हता, तुझा बाप व्हता. त्यांच्यासमोर नवरीच्या भावाला खोटं पाडू का?"

"आणि नंतर? नंतर तरी सांगायचंस."

"नंतर तू आलास कधी?"

८ मार्च, रविवार

सकाळी सहाला सांडूची माणसं हजर. काही कापलं नव्हतं, काही ठोकलं नव्हतं, त्यामुळं तुटायला काही नव्हतंच. चार बांबू बदलले. दहा वाजता "हां", "हां" करत डमरू पुन्हा उभा. आज तो उठताना बघायलाच लोक आले होते, शिट्ट्या वाजवत.

साहेबराव तापले होते. मंडळाची खूण कोणाच्या परवानगीनं पाडली? मी फायलीतलं दुसरं पान काढून पुढं ठेवलं. मॅडमनी स्वच्छ लिहिलंय: वारा ठरावीक वेगाच्या वर गेल्यास मिस्त्रींनी मुख्य दोर सोडून रचना खाली बसवावी, दोराला कोणताही अडथळा करू नये. वाचून ते म्हणाले, मग उशीर का झाला? मी म्हणालो, माझ्यामुळं. तारेचं सगळं सांगितलं. खजिनदार हसले नाहीत, कोणीच हसलं नाही. साहेबरावांनी बाहेर डमरूकडं बघितलं. मग म्हणाले, असं काम उतरवायचं नाही, कायमचं ठेवू. सांडू म्हणाला, "ठेवता येत नाय. बांबू एकवीस तारखेच्या लग्नाला सांगितल्यात."

घरी राजनंदिनीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दीपमाला अकरा वर्षं हेच सांगतेय, तुम्ही फोन माझ्याकडं देता." आणि थोड्या वेळानं, "करमाडात सांडूभाऊंना तीन वर्षं मांडव कोणी दिला नाही, ठाऊक आहे ना? तुमच्या शब्दावर. त्यांची बायको, कडूबाई, दुसऱ्याच्या शेतात कांदे काढायला जात होत्या."

मला ठाऊक नव्हतं. ही वही उघडून दहा फेब्रुवारीचं पान वाचलं. लाज वाटली.

१० मार्च, मंगळवार

सकाळी करमाडला सांडूच्या घरी गेलो. इतक्या वर्षांची दोस्ती, आणि त्याच्या घरी जायची माझी ही पहिली वेळ. तोच आमच्याकडं यायचा. घर विचारत जावं लागलं.

दारातून हाक मारली. सांडू आतून "आलो" म्हणाला. मग त्याच्या बायकोचा आवाज आला, माझ्या कानावर यावा इतका मोठा. "कोण, सुदर्शन पाटील? राहू द्या जरा उभं."

राहिलो उभा. मार्चचं ऊन, डोक्यावर टोपी नाही, हातात पेढ्यांचा पुडा. गल्ली वाहती होती. एक म्हातारं थांबलं. "काय पाटील, इकडं कुठं?" मी म्हणालो, सहज. ते गेलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, दार काही उघडलं नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तीनशे माणसांत बोललेलं मी दाराआड जाऊन कुजबुजत निस्तरणार होतो.

दुसरा माणूस दूध घेऊन चालला होता. त्यानंही विचारलं. मी म्हणालो, "सांडूची माफी मागायला आलोय." तो म्हणाला, काहून? तेव्हा सगळं सांगितलं. मग दोघी बायका आल्या, त्यांना सांगितलं. एक म्हणाली, मी होते त्या पंगतीत, बुंदी पडली होती पानात. तिला सांगितलं की बाई, तुझ्या डोक्यावर बांबू पडला नाही तो सांडूमुळं. त्याची गाठ सुटली नव्हती, माझी अक्कल सुटली होती. गठुडं घेऊन एक जण सायकलवरून उतरला, त्याला पहिल्यापासून सांगितलं. पहिलं म्हातारं चाहूल लागून परत आलं, त्यालाही सांगितलं, सहज म्हणालो ते खोटं होतं म्हणून. पाच-सहा वेळा झालं असेल. मी घामानं निथळत होतो आणि तीन वर्षं कांदे काढले त्या बाईनं, हे सांगताना मला रडू आलं.

डोळे पुसून मागं बघितलं तर दार सताड उघडं होतं. कधी उघडलं कोण जाणे. कडूबाई चौकटीला टेकून उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. उंबऱ्यावर सांडू बसला होता, हातात चहाचे दोन कप.

"थांबलास काहून, सुद्या?" तो म्हणाला. "सांग ना पुढं. आम्ही पण ऐकतोय."